चौदा नंबरची सहाची नाडी

मला तोंड आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की ताईनं तिखटमीठ लावून सांगितलं. मी शिवणकाम करते. इस्पितळाच्या मागच्या गेटासमोर माझं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा, आणि गिऱ्हाईक म्हणजे निम्म्याहून जास्त नर्सबाया. कुणाचा खांदा उतरता, कुणाची कंबर वाढली, कुणाला दिवस गेलेत, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं.

हे सांगायचंय ते माझ्या धाकट्या बहिणीचं. आम्ही तिला धाकटीच म्हणतो, पस्तिशीला आली तरी. माझ्याहून सात वर्षांनी लहान. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून हिला कुणी भेटलं की आधी त्याचं मनगट धरायची. आईचं, माझं, दूधवाल्याचं. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि ओठ हलताहेत. दूधवाला म्हणायचा, "डॉक्टरीणबाई, मी जगतो का?" हिनं चार वर्षं नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि पहिल्या ड्युटीचा पांढरा ड्रेस मी शिवला. आठ वर्षं तिनं तो मिरवला. दुकानावरून जाताना ती नुसती मान हलवायची, थांबायची नाही, कारण ड्युटीला एक मिनिट उशीर म्हणजे तिच्या लेखी पाप.

आणि अशा पोरीला त्या बाईनं मातीत घातलं.

ती बाई म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आम्ही तिला इन्चार्जबाई म्हणायचो. उंच, ताठ, केसाची एक बट इकडची तिकडे नाही. वॉर्डात चाळीस खाटा आणि एका पाळीला नर्सा दोन. दोन वाजता एकदा आणि सहा वाजता एकदा प्रत्येकाचा ताप, नाडी, श्वास मोजून खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचा. सहाला मोठे डॉक्टर राउंडला येणार, तेव्हा सगळे तक्ते भरलेले हवेत. आता चाळीस माणसं, दोन बाया, त्यात सलाइनी बदला, इंजेक्शनं द्या, नातेवाइकांशी हुज्जत घाला. कसं जमावं? तर इन्चार्जबाईनं त्यावर तोड काढली होती. चार वाजता सगळे तक्ते टेबलावर मागवायची आणि म्हणायची, "चला गं, पुढचं भरून घ्या." म्हणजे सहाचा रकाना चारलाच भरायचा. दोनचा आकडा बघायचा आणि त्यात दोन वाढवायचे नाहीतर दोन कमी करायचे. "सारखाच आकडा टाकू नका," हे तिचं शिकवणं, "दोनानं इकडेतिकडे करा, म्हणजे खरा वाटतो." त्या वॉर्डात आलेली प्रत्येक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात हेच शिकायची. खाली तपासल्याची सही इन्चार्जबाईची.

चौदा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा होता. उभा जन्म बस चालवलेला माणूस. गप्पिष्ट. धाकटीला म्हणायचा, "सिस्टर, तुमचे पाय माझ्या बसपेक्षा जास्त फिरतात." एक दिवस संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला. धावपळ झाली, डॉक्टर आले, पडदा ओढला, आणि त्या गडबडीत तक्ता कुणीच बघितला नाही. बघितला तो त्याच्या मुलानं. बापाच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं तो वाचला. दोन वाजता नाडी शहात्तर. सहा वाजता नाडी अठ्ठ्याहत्तर. तेव्हा घड्याळात सहा वाजायला वीस मिनिटं होती आणि बाप जाऊन अर्धा तास झाला होता. त्यानं मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

अक्षर धाकटीचं.

मग काय! चौकशी बसली. लांब टेबल, पाच खुर्च्या, पाण्याचे पाच ग्लास, आणि माझी बहीण उभी. तिनं खरं ते सांगितलं, की वॉर्डात सगळ्याच पुढचं भरतात, इन्चार्जबाईंनीच शिकवलंय. इन्चार्जबाईला बोलावलं, बसायला खुर्ची दिली. ती म्हणाली, "माझ्या वॉर्डात पुढचं भरत नाहीत. हिनं हे कुठून आणलं, मला माहीत नाही." त्यावर धाकटीनं हेही सांगितलं, की चौदा नंबरचा आकडा मी हवेत टाकला नव्हता, चार वाजता त्यांच्याजवळ जाऊन, हात धरून नाडी मोजली होती, ठीक होती, म्हणून लिहिली. सहा नर्सांना विचारलं. सहाही जणी मूग गिळून बसल्या. त्यातल्या चौघींचे ड्रेस तेव्हा माझ्या दुकानात टांगलेले होते. मला वाटलं, आत्ता कात्री घ्यावी आणि पाठीमागून उभे कापावेत. त्या मुलाचीही मला चीड आली होती. तो म्हणत होता, मी दुपारभर बापाजवळच बसलो होतो, चारला कोणी फिरकलंच नव्हतं. मेला खोटारडा, बाप गेला म्हणून काय वाटेल ते बोलायचं का!

चोर सोडून संन्याशाला फाशी. तीन महिने निलंबन, आणि परत आल्यावर वॉर्ड नाही. तळमजल्यावर चादरींच्या खोलीत बदली. धुवून आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या. आठ वर्षं माणसांची मनगटं धरलेली पोर उशांचे अभ्रे धरून बसली.

ते तीन महिने ती माझ्या दुकानात असायची. मी तिला बटणं लावायला द्यायचे. चांगली लावायची, पण बोलायची नाही. मीच बोलायचे. "त्या बाईचे दात घशात घालीन," असं मी रोज किमान दोनदा म्हणायचे, गिऱ्हाईक असलं तरी. आईनं तिला सुचवलं, पाळणाघर काढ. शेजारणीनं सुचवलं, ब्यूटी पार्लरचा कोर्स कर, हात हलका आहे तुझा. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं मशीन टाकू. ती सगळ्यांना "बघते" म्हणायची. एकदा मला म्हणाली, "ताई, मला दुसरं काही येत नाही गं. आणि हेही येत नाही असं आता कागदावर लिहिलंय." तेव्हा मी तोंड फिरवलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसायला नको होतं.

याच दिवसांत इन्चार्जबाई ड्रेस शिवायला आली. हिंमत बघा! दारात धाकटी बटणं लावत बसलीये, आणि ही आत येऊन हात पसरून उभी राहिली मापाला. मी माप घेतलं. गोड बोलले. आणि काखेत पाऊण इंच कमी शिवलं. दिसायला ड्रेस झकास, पण हात खांद्याच्या वर नेला की शिवण ताणणार. दोनदा परत आली, "जरा अडतंय गं इथे." मी म्हणायचे, "हो का? वजन वाढलंय का मॅडम?" आणि एक टाका सैल करून परत द्यायचे. तिसऱ्यांदा आली नाही, पण सलाइनची बाटली टांगताना तिचं तोंड कसं होत असेल, ते मनात आणून मी महिनाभर सुखानं झोपले. धाकटी मात्र हसली नाही. म्हणाली, "हे पोरकट आहे, ताई. मला हिला काखेत टोचायचं नाहीये. मला हिची खुर्ची काढून घ्यायचीये."

असं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या बहिणीच्या पोटात एवढा विस्तव आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

रस्ता तिनंच शोधला. एका विमा कंपनीला इस्पितळांतून येणारे कागद तपासायला शिकलेल्या नर्सा हव्या होत्या. टेबल, खुर्ची, समोर फायलींचा ढीग, आणि काम एकच, लिहिलंय ते खरं आहे का ते ओळखायचं. ती म्हणाली, "सगळ्या इस्पितळांचे कागद तिथे येतात. तिचेही येणार." पण राजीनामा लिहून आठ दिवस तिनं कपाटात ठेवला. मी विचारलं, आता काय? तर म्हणे, "तिथे माणूस नसतो गं. नुसते कागद. हात लावायला कोणी नाही." मी खवळले. "चादरींना हात लावतेस तेवढं बरं आहे का? जा म्हणते ना! तिथूनच तिला गाठ." मी तिला ढकललं, हे मी लपवत नाही. तेव्हा त्याचा मला अभिमानच होता.

ती गेली. मन लावून काम केलं. वरचे साहेब खूश. घरी आली की मी आधी विचारायचे, "आला का?" म्हणजे त्या वॉर्डाचा कागद. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी ती चपला न काढताच म्हणाली, "आला." कुणा पोटदुखीच्या बाईचा सहा दिवसांचा तक्ता. रोज दोनचा आकडा आणि सहाचा आकडा, दोनाचा फरक. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. ऐंशी, ब्याऐंशी. मी टाळी वाजवली. "पकड तिला!"

"कुणाला पकडू?" ती म्हणाली. "अक्षर नव्या मुलीचं आहे. बावीस वर्षांची असेल. आज मी हा कागद वर पाठवला तर ती पोर चादरींच्या खोलीत जाईल, आणि इन्चार्जबाई म्हणेल, माझ्या वॉर्डात असं होत नाही. पुन्हा हात धुवून मोकळी."

मला हे पटायला दोन दिवस लागले. मला तेव्हाच्या तेव्हा रक्त हवं होतं. पण धाकटी थंड डोक्याची. तिनं तो कागद पाठवला नाही, खणात ठेवला. मग दुसरा आला, तो ठेवला. त्या वॉर्डाचं काहीही आलं की त्याची प्रत काढायची. एका मुलीनं केलं तर ती मुलगी चोर. आठ जणींनी वर्षभर केलं, तर शिकवणारी कोण ते आंधळ्यालाही दिसेल. ती अकरा महिने थांबली. अकरा महिने! मी तर दळण आणायला सांगून पंधरा मिनिटं झाली की ओरडते. दोनशे बारा तक्ते जमले. आठ अक्षरं, सगळीकडे दोनाचा फरक, आणि प्रत्येक तक्त्याखाली एकच सही. तिनं त्यावर नऊ पानांचा अहवाल लिहिला. त्यात एकाही मुलीचं नाव घातलं नाही. खाली आपली सही केली आणि दिला पाठवून.

इस्पितळात भूकंप झाला म्हणतात तो झाला. इन्चार्जबाई पुढच्या महिन्यात मेट्रन होणार होती, सगळ्या नर्सांची मुख्य. मेट्रनचा ड्रेस वेगळा, निळ्या कॉलरचा. तो तिनं आधीच माझ्याकडे टाकला होता, कापूनही झाला होता. मेट्रनपद गेलं. वॉर्ड गेला. चौकशी लागली. त्याच लांब टेबलासमोर आता ती उभी राहिली, आणि तेव्हा गप्प बसलेल्या सहाही जणींना अचानक वाचा फुटली. मला ही बातमी गिऱ्हाइकानं सांगितली तेव्हा मी मशीन थांबवलं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या पाय आपटले. केलं तसं भरलं! धाकटीला फोन लावला, तिनं फक्त "कळलं" म्हटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी धाकटी दुकानात बसली होती. सुट्टी होती तिला. आणि इन्चार्जबाई आली. साध्या कपड्यांत. मी तिला कधी साध्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. खांदे निम्मे झालेले.

"तो निळ्या कॉलरचा शिवू नका," ती मला म्हणाली.

मी सहजी सोडते होय! "कापलाय हो मॅडम. आता दुसऱ्या कुणा मेट्रनच्या मापाचा करावा लागेल. त्यांची उंची तुमच्याएवढी नसेल म्हणा." पावणेदोन वर्षं हे वाक्य कुठेतरी जमून बसलं होतं, इतकं सफाईदार बाहेर पडलं.

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. स्टुलावर बसली. न विचारता. धाकटीकडे बघून म्हणाली, "दोनशे बारा कागद. मला प्रती दिल्या त्यांनी. मी एकेक बघितला. तुझा कुठे आहे?"

"मी तिथे लागल्यापासूनचेच घेतलेत," धाकटी म्हणाली.

"चौदा नंबरचेही विम्याचे कागद तुमच्याच कंपनीकडे गेले होते. मीच पाठवले होते. म्हणजे तो तक्ता तुझ्या टेबलापासून दहा-वीस पावलांवर असेल. तो नाही जोडलास?"

धाकटीनं टेबलावरची टेप उचलली आणि गुंडाळायला लागली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी मध्ये पडले. "तिला शिक्षा झालीये त्याची. तुम्ही खोटं बोललात म्हणून झालीये."

"बोलले," इन्चार्जबाई म्हणाली. "मी खोटं बोलले, हिला एकटीला पुढे केलं. त्याचं मला मिळालं. तक्रार नाही. पण त्या दिवशी चार वाजता ही माझ्यासमोर टेबलाशी बसली होती. साडेचारपर्यंत. तिच्या वाटचे वीस तक्ते तिनं बसल्या जागी भरले. एकदाही उठली नाही." मग धाकटीला म्हणाली, "तू चौकशीत म्हणालीस, हात धरून नाडी मोजली होती. मी तिथेच खुर्चीवर होते. मी काही बोलले नाही. तुझं तेवढं मी झाकलं. मुलगा ओरडून सांगत होता, कोणी आलं नाही म्हणून. त्याला आपण दोघींनी मिळून खोटं पाडलं."

एवढं बोलून ती उठली आणि गेली. मी दारापर्यंत गेले, काय काय ओरडले मला आठवत नाही. नालायक, खोटारडी, पडली तरी नाक वर. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मग आत आले आणि धाकटीला म्हटलं, "बघितलंस? अजून डंख मारते. सांग तिला जाऊन, की खोटं बोलतेय."

धाकटी म्हणाली, "नाही बोलत."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे मी उठले नव्हते. शहात्तरात दोन मिळवले आणि अठ्ठ्याहत्तर लिहिले."

मी मशीनच्या खुर्चीवर बसले. पावणेदोन वर्षं मी ज्या आगीवर जगले, ती सगळी त्या एका गोष्टीवर पेटलेली होती, की माझ्या बहिणीनं हात धरून मोजली होती. मी त्या मुलाला किती शिव्या घातल्या असतील! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी विचारलं, "मोजली असतीस तर वाचला असता का तो?"

"माहीत नाही. कदाचित नाही. कदाचित पडत चाललेली नाडी हाताला लागली असती, मी डॉक्टरांना हाक मारली असती. सव्वा तास होता." मग म्हणाली, "ती चौकशीत 'हो, भरतात' म्हणाली असती ना, तर मीही खरं बोलले असते. ती खोटं बोलली, आणि मला बरंच वाटलं गं. तुम्ही सगळे तिच्याकडेच बघायला लागलात. मीसुद्धा."

मी म्हटलं, झालं ते झालं. आता उकरू नकोस. चांगली नोकरी आहे, मान आहे. तिचा सूड घेऊन झालाय. कानाला खडा लाव आणि गप्प बस.

"अर्धाच झालाय," ती म्हणाली.

सोमवारी तिनं कंपनीतून चौदा नंबरचा तक्ता शोधून काढला, त्याची प्रत घेतली, आणि संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या कापायच्या टेबलावर दोन पत्रं लिहायला बसली. एक इस्पितळाला, दोनशे तेरावा कागद म्हणून तो तक्ता जोडून. एक त्या मुलाला. मी तिच्या हातापाया पडले. "ही नोकरी जाईल. नर्सिंगचं लायसन्स जाईल. कुठलीच वाट उरणार नाही तुला, वेडे! पाळणाघरसुद्धा कोणी चालवू देणार नाही!" तिनं मान वर केली नाही. लिहून झाल्यावर मुलाचं पत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मोठ्यानं वाच. कसं वाटतं बघू दे."

मी वाचलं. चारच ओळी होत्या. तारीख, खाट नंबर चौदा. "त्या दिवशी चार वाजता मी तुमच्या वडिलांजवळ गेले नव्हते. त्यांच्या हाताला मी हात लावला नव्हता. तुम्ही खरं सांगत होतात." खाली तिचं पूर्ण नाव.

ती म्हणाली, "पुन्हा एकदा वाच."

माझ्या तोंडाला आजवर कोणी कुलूप लावू शकलं नव्हतं. पण ते पत्र दुसऱ्यांदा वाचायला माझ्याच्यानं तोंड उघडलं नाही.